यमू, यमी, यमाई : औंधच्या डोंगरावरून एका नावाचा माग

औंधच्या यमाईचा डोंगर माझी आजी कधी एका दमात चढली नाही. वाटेत संग्रहालयाच्या पायरीला टेकायची, पदराने तोंड पुसायची आणि वर शिखराकडे बघून म्हणायची, "माझ्याच नावाची हाय ती." रेशनकार्डावर आजीचं नाव ‘यमुनाबाई’ होतं, सातबाऱ्यावर ‘यमाबाई’ आणि माहेरची माणसं तिला ‘येमे’ म्हणून हाक मारायची. आजोबा त्या पिढीच्या रीतीप्रमाणे नावाने हाकच मारत नसत. कागदावर नदी, तोंडात देवी, असं हे एकाच बाईचं नाव. लहानपणी त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे मराठी कादंबरीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर ‘यमुना’ भेटली, आणखी काही पानं उलटली तर ‘यमू’. मग ठरवलं की आजीच्या नावाचा माग काढायचाच. तो औंधपासूनच काढायला हवा होता, कारण या नावाचे बरेचसे धागे औंध संस्थानाच्या ७२ गावांत आणि त्यांच्या आसपास सापडतात.

मुळाशी जुळं

संस्कृतात ‘यम’ या शब्दाचा एक जुना अर्थ जुळं असा आहे. ‘यम्’ म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं, हा धातूही आहे, आणि योगातले यम-नियम त्यावरून आले. पण नावाच्या बाबतीत जुळ्याचा अर्थ जास्त कामाचा, कारण यम आणि यमी ही विवस्वानाची, म्हणजे सूर्याची, जुळी मुलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दहाव्या सूक्तात या दोघांचा संवाद आहे. यमी भावाकडे आपल्या मनातली ओढ बोलून दाखवते आणि तो नात्याची मर्यादा सांगून नकार देतो. ऋग्वेदात बाईच्या तोंडी आलेली जी थोडी थेट बोलणी आहेत, त्यांतलं हे एक. पुराणांनी या यमीला यमुना नदी केलं आणि बहीण-भावाचं नातं सणात बसवलं. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम यमुनेच्या घरी जेवायला गेला म्हणून ती यमद्वितीया, म्हणजेच आपली भाऊबीज. मृत्यूचा देव ज्या एका दारात पाहुणा म्हणून जातो, ते दार या नावाच्या बाईचं आहे.

हा शब्द भारतापुरता नाही. पारशांच्या अवेस्तेत यमाचा सख्खा जोडीदार आहे, विवङ्हंताचा मुलगा यिम. त्याला ‘खशएत’, म्हणजे तेजस्वी, हे विशेषण लागून पुढे फारसीत जमशेद झालं. म्हणजे जमशेदजी टाटांचं नाव आणि आमच्या येमीचं नाव एकाच मुळावरची. उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमध्ये ज्याच्या देहापासून जग घडलं तो इमिर नावाचा आदिपुरुष येतो. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नावही याच ‘जुळं’ अर्थाच्या मुळाशी नेऊन ठेवतात.

इथे औंधचा पहिला धागा लागतो. वेदांच्या संहिता शुद्ध छापून सामान्य वाचकाच्या हातात द्यायचं काम पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी केलं, ते याच गावात. १९१८ च्या सुमारास ते औंधला आले, स्वाध्याय मंडळ उभं केलं आणि १९४८ नंतर गुजरातेत पारडीला जाईपर्यंत इथूनच ग्रंथ काढत राहिले. यम-यमीचा संवाद असा यमाईच्या पायथ्याशी छापला गेला. त्याच वेळी इथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सगळ्यांचे बाळासाहेब, शाळेतल्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांना सूर्यनमस्कार घालायला लावत होते. सूर्याची लेक डोंगरावर आणि खाली सूर्याला रोजचा नमस्कार, हा मेळ कुणी ठरवून घातला नव्हता, पण माझ्या मनात तो पक्का बसला आहे.

‘ये माई’ची गोष्ट

औंधला कुणालाही विचारा, देवीचं नाव ‘ये माई’वरून पडलं असंच सांगतील. गोष्ट दोन प्रकारे सांगतात. एकीत सीतेच्या शोधात रानोमाळ फिरणाऱ्या रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन समोर येते. राम तिला ओळखतो आणि ‘ये माई’ म्हणतो. याच गोष्टीतलं ‘तू का आई?’ हे बोलणं तुळजापूरच्या तुकाईच्या नावाचा उगम म्हणून सांगतात. दुसरी गोष्ट जोतिबाची आहे. या मुलखात औंधासुर माजला होता, त्याच्याशी लढताना जोतिबाने देवीला ‘ये माई’ अशी हाक दिली, ती धावून आली आणि तिने असुराचा वध केला. गावाचं नावही त्या असुरावरून पडलं म्हणतात.

रामाच्या गोष्टीत या गावाला विशेष गोडी असावी. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली निघालं. औंधच्या शाळेत शिकलेल्या गजानन दिगंबर माडगूळकरांनी १९५५ मध्ये आकाशवाणीसाठी गीतरामायणाची ५६ गाणी लिहिली. डोंगरावरच्या देवीचं नाव रामाच्या तोंडून आलं, ही गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या कानावर पडली नसेल असं मानणं मला अवघड जातं.

गोष्ट म्हणून ही फार सुंदर आहे, पण नावाचा उगम म्हणून मला ती पुरेशी वाटत नाही. त्याचं कारण मराठीच्या बोलण्यातच आहे. सुरुवातीचा ‘य’ आपल्या तोंडात सहज ‘ये’ होतो. यशवरून येसाजी झाला, येसूबाई झाली. तसं यमाईचं ‘येमाई’ व्हायला कुणी हाक मारण्याची गरज नव्हती. आधी लोक ‘येमाई’ म्हणू लागले, मग त्या उच्चारात त्यांना ‘ये’ ही हाक ऐकू आली आणि हाकेभोवती गोष्ट उभी राहिली, असा उलटा प्रवास मला जास्त संभवनीय वाटतो. यात गोष्टीचं मोल तसूभरही कमी होत नाही. पिढ्यान् पिढ्या बायकांनी ते नाव हाक म्हणून ऐकलं, ही गोष्ट त्याचाच पुरावा आहे.

रेणुका, यल्लम्मा आणि ‘आई’

कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते. सासनकाठ्या नाचत असतात, गुलालाने माणसं ओळखू येत नाहीत, आणि संध्याकाळी पालखी निघते ती यमाईच्या देवळाकडे. तिथे यमाईचा विवाह लागतो, जमदग्नीशी. जमदग्नीची बायको म्हणजे रेणुका. तेव्हा यमाई कोण, हे त्या यात्रेने दर वर्षी सर्वांसमोर सांगितलेलं आहे. रेणुका म्हटलं की दक्षिणेकडे बेळगाव जिल्ह्यातलं सौंदत्ती येतं आणि तिथली यल्लम्मा येते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ च्या ग्रंथात रेणुका-यल्लम्मेच्या रूपाचा माग थेट भूमीच्या, मातृत्वाच्या उपासनेपर्यंत नेला आहे. कन्नडात ‘अम्मा’, मराठीत ‘आई’ आणि ‘माई’. यल्लम्मा आणि येमाई ही नावं शेजारी शेजारी म्हणून बघितली तर कान टवकारतात. सातारा-सांगली-कोल्हापूर हा पट्टा दोन्ही भाषांच्या सरमिसळीचा आहे. औंध संस्थानाचा एक तुकडा तर विजापूरकडे गुणदाळला होता आणि तिथली रयत कन्नड बोलणारी. हे नाव वेदातल्या यमीकडून खाली आलं, की कर्नाटकातल्या अम्मेकडून वर आलं? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पंडितांनी नंतर त्याला यमी आणि यमुना यांचा संस्कृत आधार जोडला असावा.

आईच्या प्रत्ययाने संपणाऱ्या देवींची मराठी मुलखात केवढी मोठी मांदियाळी आहे : तुकाई, जोगाई, मेसाई, जाखाई, सटवाई, अंबाई. यमाईची ठाणीही एक नाही. पुणे जिल्ह्यात खेडजवळ कन्हेरसर आहे, पुरंदरात शिवरी आहे, कर्जत तालुक्यात राशीन आहे. ज्या घरांचं हे कुलदैवत, त्या घरांत मुलीचं नाव ठेवताना देवीचं नाव जसंच्या तसं न ठेवता जवळचं शोधायची रीत होती. उठता-बसता पोरीवर ओरडायचं असतं, देवीचं नाव घेऊन ओरडणार कसं? म्हणून यमुना. बारशाला यमुना, हाकेला येमी, नवस फेडायला यमाई.

राजघराण्याचा एक योगही इथेच सांगतो. प्रतिनिधी घराण्याचे मूळ कर्ते पुरुष किन्हईचे परशुराम त्र्यंबक. राजाराम महाराजांच्या काळात ते नावारूपाला आले, आणि ‘परशुराम’ हे नाव पुढेही घराण्यात फिरून आलं. परशुराम हा रेणुकेचाच मुलगा. ज्यांची देवी यमाई, त्यांच्या घरात देवीच्या लेकाचं नाव.

पुरुषांच्या नावात देवी

देवीचं नाव फक्त मुलींनाच मिळतं असं नाही, आणि या मुलखात तर अजिबात नाही. बाळासाहेबांचं खरं नाव ‘भवानराव’ हे भवानीवरूनच. डोंगराच्या वाटेवर १९३८ मध्ये त्यांनी बांधलेल्या संग्रहालयाचं नाव श्री भवानी संग्रहालय. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं माता आणि मूल हे शिल्प बघायला माणसं लांबून येतात. आजी टेकायची ती पायरी याच संग्रहालयाची, आणि आत दगडातही एक आईच बसलेली.

जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास जन्मला म्हणून मुलाचं नाव जोती ठेवलं, असं महात्मा फुल्यांबद्दल सांगतात. ११ एप्रिल १८२७ चा त्यांचा जन्म. यमाईचाही असा एक पुरुष अवतार आहे : यमाजी. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी १७५० मध्ये पेशव्यांविरुद्ध बंड करून सांगोल्याचा आसरा घेतला, आणि त्यांना मोडायला सदाशिवरावभाऊंना फौज घेऊन जावं लागलं. त्याच वेळी झालेला सांगोल्याचा करार मराठी इतिहासात महत्त्वाचा मानतात, कारण छत्रपतींकडची सत्ता त्यातून पेशव्यांकडे सरकली. यमाईच्या उपासक धन्याचा मुतालिक यमाजी नावाचा असावा, याचं मला नवल वाटत नाही. आपल्या मुलाला यमराजाचं नाव कुणी ठेवत नाही. ‘यमाजी’ ऐकलं की त्यामागे देवी आहे असंच समजायला हवं.

एके काळी औंध संस्थानात असलेल्या आटपाडीकडे गेलात तर ‘यमाजी पाटलाची वाडी’ नावाचं गाव लागतं. एवढं लांब नाव रोज कोण घेणार? लोकांनी त्याची आद्याक्षरं जोडून ‘यपावाडी’ केली. एस.टी.च्या पाटीवर नाव वाचताना देवीचा मागमूसही लागत नाही. नावं अशीच झिजतात, नदीतल्या गोट्यासारखी.

पुस्तकातली यमुना

संतांच्या आणि शाहिरांच्या मराठीत यमुना म्हणजे नदी. नाथांच्या गौळणींत ती कृष्णाच्या खेळाची जागा आहे, घागरी भरायचा घाट आहे. बाई म्हणून यमुना मराठी साहित्यात ठळकपणे आली ती १८५७ साली, बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिला मान देतात ती ही. पदमनजी बेळगावचे, पुढे ख्रिस्ती झालेले. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पुस्तकातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगाव विधवांचे हाल बघते. पुढे ती स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. नावातही खुबी आहे. नदी वाहते, फिरते, आणि ही बाईही फिरते. ‘पर्यटन’ हा शब्द बाईच्या नावापुढे लावणं त्या काळात केवढं धाडस होतं, याचा आज अंदाज येत नाही.

तेहतीस वर्षांनी दुसरी यमुना आली आणि ती घराघरात ‘यमू’ म्हणून ओळखली गेली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला होता तो हाच काळ. कायदा झाला १८९१ ला. आपट्यांनी त्या वादात भाषण न करता एका मुलीला बोलायला लावलं. सगळी कादंबरी यमूच्या तोंडून आहे. लहानपणीची भांडणं, भावाचा लोभ, सासरची जाच करणारी माणसं, मुंबईतला नवऱ्याबरोबरचा थोडा सुखाचा काळ, रघुनाथरावांचा मृत्यू आणि त्यानंतर शंकरमामंजींच्या घरातलं तिचं केशवपन. पुरुषाने लिहिलेलं हे बाईचं आत्मकथन आजही मी वाचतो तेव्हा लेखक विसरायला होतो. पोरवयातली यमू ज्या मराठीत बोलते ती माजघरातली आहे, सभेतली नाही.

दोन्ही लेखकांनी हेच नाव का घेतलं? मला वाटतं, ते नाव फार साधं होतं म्हणून. ब्राह्मण घरांत गंगा, यमुना, गोदावरी, भागीरथी ही नदीची नावं इतकी सर्रास होती की वाचणाऱ्या प्रत्येकीला आपल्या चुलतबहिणीचं, मैत्रिणीचं नाव वाटावं. पदमनजींची यमुना बाहेर पडून बघते. आपट्यांची यमू घरात राहते आणि बोलते. या दोघींनंतर मराठी वाचकाच्या मनात ‘यमू’ हे नाव विधवेच्या दुःखाशी कायमचं जोडलं गेलं. डोंगरावरच्या, असुराला मारणाऱ्या यमाईची सावलीही त्यात नाही. एकाच नावाच्या या दोन जगांची गाठ छापील पानावर पडलीच नाही, याची मला खंत वाटते. आजीच्या तोंडी त्यांची गाठ रोज पडत होती.

ताटातले तांदूळ

आता पुस्तकाबाहेर या. सांगली जिल्ह्यात सागरेश्वराच्या डोंगराजवळ देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून ते लोकांना माहीत. त्याच गावात त्यांच्या अर्धशतक आधी कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव यमुना. १८७३ मध्ये, अकरा वर्षांची असताना, तिचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं आणि ती रमाबाई झाली. सेवासदनाच्या रमाबाई रानडे त्या ह्याच. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक १९१० मध्ये निघालं. मराठीतल्या पहिल्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

दुसरी यमुना जोशांच्या घरातली, १८६५ मध्ये जन्मलेली. नवव्या वर्षी, १८७४ ला, तिचं लग्न गोपाळराव जोश्यांशी झालं आणि ती आनंदी झाली. १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षांचीही झाली नसताना, क्षयाने गेली. श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या कादंबरीचं नाव ‘आनंदी गोपाळ’. ‘यमुना’ असं कुणी म्हणालं तर ही कोण, असं विचारावं लागेल.

लग्नात नाव बदलण्याचा विधी मी आमच्या घरच्या लग्नांत पुष्कळदा बघितला आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, भोवती बायका वाकून वाचायचा प्रयत्न करतात, कुणीतरी मोठ्याने नाव सांगतं, पेढे वाटले जातात. तेवढ्यात ताट उचललं जातं आणि तांदळातली अक्षरं हलून मोडतात. जुनं नाव मात्र त्या ताटात कुणी लिहितच नाही. ते मोडायलाही मिळत नाही.

म्हणजे असं झालं की १८५७ पासून १८९३ पर्यंत कादंबऱ्यांमध्ये ‘यमुना’ नाव अमर होत होतं, आणि त्याच वर्षांत महाराष्ट्राने ज्यांचा पुढे अभिमान बाळगला अशा दोन खऱ्या यमुनांची नावं पुसली जात होती. रमा हे नाव वाईट नव्हे, आनंदी तर छानच. रानडे आणि गोपाळराव यांनी आपापल्या परीने बायकोला शिकवलं, हेही खरं. पण देवराष्ट्रेत कुणी त्या मुलीला ‘यमे’ म्हणून हाक मारली असेल, ती हाक तिच्याबरोबर पुण्याला गेली नाही. मला ते मनाला लागतं.

देवराष्ट्रेपासून जवळच कुंडल, आणि कुंडलच्या माळावर १९१० मध्ये औंधच्या राजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगरांच्या कारखान्यासाठी जागा दिली. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरांच्या त्या गावातूनच १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं. बायकांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहावं यासाठी ज्या मासिकाने पिढ्यान् पिढ्या जागा दिली ते हे. शंतनुराव किर्लोस्करांच्या पत्नीचं नाव यमुताई. इथे ते नाव सासरीही टिकलं.

वाईची यमुनाबाई

औंधच्याच सातारा जिल्ह्यात आणखी एक यमुना होऊन गेली, तिच्या नावाला कुणी हात लावू शकलं नाही. यमुनाबाई वाईकर, लावणीसम्राज्ञी, जन्म १९१५ चा. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात, वयाची शंभरी ओलांडून, त्या गेल्या. बैठकीची लावणी अदाकारीने कशी खुलवायची हे त्यांच्याकडून शिकायला लोक शेवटपर्यंत वाईला जात. ज्या समाजात त्या जन्मल्या तिथे फडावर उभी राहणारी बाई सासरी जात नसे, म्हणून नाव बदलायचा प्रसंगही येत नसे. ते स्वातंत्र्य फुकट मिळालेलं नव्हतं, त्याची किंमत या बायकांनी वेगळ्या तऱ्हेने मोजली. पण ‘यमुनाबाई’ या नावाला त्यांनी जो रुबाब दिला तो आपट्यांच्या यमूला ठाऊक नव्हता. आडनावाच्या जागी गावाचं नाव आणि पुढे स्वतःचं, एवढ्या दोन शब्दांवर महाराष्ट्र त्यांना ओळखत होता.

घरातल्या नावाचा माग कसा काढावा

आपल्या घरातल्या एखाद्या नावाच्या मुळाशी जायचं असेल तर शब्दकोशाकडे सर्वांत शेवटी जावं. आधी घराचं कुलदैवत विचारा आणि ते कोणत्या ठाण्याचं हे नीट विचारा. नुसतं ‘यमाई’ पुरत नाही, औंधची की राशीनची, हे कळलं की घराणं कुठून कुठे सरकलं हेही उमगतं. मग पत्रिका असल्यास बघा. वृश्चिक राशीला ‘न’ आणि ‘य’ ही अक्षरं येतात, तेव्हा यमुना, यशोदा, नर्मदा यांतलं नाव निव्वळ अक्षरामुळेही पडलेलं असू शकतं. एखादी आत्या, मावशी लहानपणी गेली असेल तर तिचं नाव पुढच्या मुलीला देण्याची रीत होती, म्हणून दोन पिढ्यांतली नावं शेजारी लिहून बघावीत. बाईच्या बाबतीत माहेरचं नाव स्वतंत्रपणे शोधावं लागतं आणि त्यासाठी तिच्या भावंडांच्या घरी जावं लागतं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पुरुषांची नावं ओळीने मिळतात. बायकांची नावं त्यात असली तर ती बहुधा सासरची.

कागदपत्रांत सर्वांत उपयोगी गाव नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात, जुन्या पानांवर मोडीत. मोडी वाचणारा सोबत न्या. हल्ली जातीच्या दाखल्यांसाठी या वह्या पुष्कळ चाळल्या जातात, त्यामुळे वाचून देणारी माणसं तालुक्याच्या गावी मिळतात.

आजीच्या माहेरच्या गावची नोंद मी अशीच शोधली. वाचणाऱ्या गृहस्थांनी पानावर बोट ठेवलं, ओळ सावकाश वाचली. बापाचं नाव होतं, जात होती, तारीख होती, ‘मुलगी’ असं होतं. मुलीचं नाव नव्हतं, कारण नोंद बारशाच्या आधीची. त्या वहीत बहुतेक मुलामुलींची नोंद तशीच होती.

घरी येऊन आजीच्या धाकट्या भावाला हे सांगितलं. नव्वदीला आलेले मामाआजोबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "वहीत कशाला बघतोस? आमच्या आईला आधीच्या दोन लेकी लागल्या नव्हत्या. तिसऱ्या खेपेला पौषात औंधाला जाऊन तिनं देवीची वटी भरली, आन् ‘जगली तर तुझ्या नावाची’ म्हणून आली. नदीबिदी कुणी बघितली हुती? यमुना ते तुमच्या कार्डावर लिवलं."